घासता येणारी लादी, न घासता येणारी टाइल

लोणावळ्यात किंवा त्याला लागून असलेल्या औंढ्यासारख्या मावळातल्या गावात जुनं घर नव्याने करायला काढलं की पहिला घाव न्हाणीघरावर बसतो, आणि काम संपल्यावर पहिली तक्रारही तिथलीच असते. शेजारशेजारच्या टाइल्सच्या कडा वरखाली, कोपऱ्यात बोटभर रुंदीचे तुकडे, सांधे कुठे केसाएवढे तर कुठे पेन्सिलीएवढे, आणि आंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता दाराशी येऊन उभं. यावरचं निदान ठरलेलं आहे: पूर्वीसारखे गवंडी आता राहिले नाहीत. हे निदान मला अर्धवट वाटतं. या भागातल्या न्हाणीच्या जमिनीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर कारागिराचा हात बिघडला की नाही हा प्रश्न मागे पडतो. काम चालू असताना, किंवा संपल्यावरही, चूक सुधारून घेण्याची जी सोय त्याच्याकडे होती ती माल बदलत गेला तशी कमी होत गेली, हे आधी दिसतं.

मावळातल्या शेतकऱ्याच्या घरात न्हाणी म्हणजे मागच्या पडवीतला किंवा परसातला एक कोपरा असे. तिथे काळ्या दगडाची फरसबंदी, बाजूला चूल किंवा नंतरच्या काळात तांब्याचा बंब, आणि पाणी वाहून जाऊन अळूला किंवा केळीला मिळेल अशी मोरी. दगड खाणीतून ओबडधोबड येई आणि घडवला जाई जागेवरच. पाथरवट एक दगड बसवी, दुसरा त्याला लावून पाही, जिथे नडेल तिथे छिन्नीने कड उतरवी. प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या मापाने घडत असल्यामुळे कामाचं माप बाहेरून आणावं लागत नसे. परीक्षाही सोपी होती. घागरभर पाणी ओतायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखात पाण्याच्या वाटेबद्दल बेफिकीर राहणं परवडणारं नव्हतं. ही जाण किती जुनी आहे हे जवळच्या भाज्याच्या लेण्यांत दिसतं. कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या तिथे आहेत, आणि त्यांतल्या एकीवर ती दान देणाऱ्या महारठी कोसिकीपुत विण्हुदताचा लेखही आहे. दगडी न्हाणीत सांधे एकसारखे नसत आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नसे. पाणी तुंबलं तर मात्र काम वाईट.

१८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली आणि लोणावळा-खंडाळा मुंबईच्या पैसेवाल्यांच्या हवापालटाच्या टप्प्यात आलं. १८७१ पर्यंत लोहमार्ग रायचूरपर्यंत पोचला. त्याच मार्गावर शहाबाद आहे. लोणावळा घाटमाथ्यावर असल्याने शहाबादी फरशीला घाट उतरावा लागत नसे, आणि विलायतेहून मुंबई बंदरात उतरलेल्या टाइल्सना तो चढावा लागे. दोन्हींचं गिऱ्हाईकही त्यामुळे वेगळं राहिलं. शहाबादी थरांतून फुटून निघते, पण तिची जाडी एकसारखी नसते. गवंडी ती मसाल्याच्या जाड थरावर बसवी, थापी-हातोडीने ठोकून पाणसळीत आणी आणि शेवटी रुंद दर्जा भरून घेई. खालचा थर आणि मधली दर्ज, दोन्ही चुका पोटात घालत. पुढे सिमेंट आलं. १९२२ मध्ये स्वदेशीच्या भरात सिधवा काका-पुतण्यांनी मुंबईत भारत टाइल्स सुरू केली, आणि भट्टीत न भाजता दाबयंत्राखाली घडवलेली रंगीत सिमेंटची लादी घराघरांत दिसू लागली. तिच्यामागून संगमरवराच्या चिपांची मोझॅक लादी आली आणि पुढची काही दशकं महाराष्ट्रातल्या शहरी घरांवर तिचंच राज्य होतं.

मोझॅक लादीबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ती बसवल्यावर काम संपत नसे. काही दिवस मुरू दिल्यावर घासाईचं यंत्र येई, आधी खरखरीत आणि मग बारीक दगड लावून अख्खी जमीन पाण्यात घासली जाई, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं पॉलिश होई. दोन लाद्यांच्या कडांत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक राहिला असेल तर तो या घासाईत निघून जाई. आजच्या बाथरूममधला सर्वात मोठा दोष, कडांचा वरखालीपणा, त्या काळी असा पुसला जात होता. आजोबांच्या घरातली लादी आरशासारखी सपाट आहे याचं श्रेय आपण ती बसवणाऱ्याला देतो. निम्मं तरी घासणाऱ्याचं आहे.

चकचकीत टाइलला ही सोय नाही, कारण तिचा वरचा काचेसारखा थर घासला की टाइलच गेली. १९५८ साली एच. अँड आर. जॉन्सन (इंडिया) स्थापन झाली आणि पांढरी सहा इंची टाइल हळूहळू मध्यमवर्गीय घराच्या भिंतीवर चढली. ही टाइल सच्छिद्र होती. भिंतीवरच्या अशा टाइल्स वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पितात. म्हणून मिस्त्री त्या बादलीत भिजत घाली आणि पाठीला सिमेंट थापून चिकटवी. सिमेंट त्या छिद्रांत शिरे आणि पकड बसे. टाइल लहान असल्यामुळे भिंतीचा थोडा बाक किंवा जमिनीचा नहाणी ट्रॅपकडचा चौफेर ढाळ तिला पेलत असे. मग मोरबीच्या कारखान्यांतून व्हिट्रिफाइड टाइल आली, आधी दोन बाय दोन फुटांची आणि पुढे दोन बाय चारची. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर लोणावळ्याभोवतीच्या गावांत सुट्टीच्या बंगल्यांना बहर आला, त्या बांधकामांत हाच माल होता. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी पीत नाही. सिमेंटच्या रबडीला धरायला तिच्या पाठीवर छिद्रच नाही. तरी कित्येक ठिकाणी रीत जुनीच राहिली: पाठीवर सिमेंटचे चार-पाच गोळे लावायचे, दाबायचं आणि वरून ठोकायचं. वर्षा-दोन वर्षांत टाइल पोकळ वाजू लागते, यात नवल नाही. हात तोच, रीत तीच, माल मात्र दुसरा.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की जुनं काम चांगलं दिसतं कारण वाईट होतं ते केव्हाच फोडलं गेलं. हे खरं आहे, आणि म्हणूनच जुन्या कारागिरांच्या आरत्या ओवाळण्यात मला रस नाही. पण जे फोडलं गेलं त्यातलं पुष्कळसं दुरुस्त होण्यासारखं होतं. शहाबादीच्या दर्जा पुन्हा भरता येत, मोझॅक पुन्हा घासता येई. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आता चिकटवायला खास ॲडेसिव्ह आहेत, त्यांच्यासाठी आयएस १५४७७ हे मानक आहे, स्पेसर आहेत, कडा समपातळीत धरणाऱ्या क्लिपा आहेत, लेसर आहे. मग रडायचं कशाला? पण ही साधनं टाइल लावतानाची चूक कमी करतात. खालचा कोबा किंवा गिलावा वाकडा असेल तर ॲडेसिव्हचा काही मिलिमीटरचा थर तो झाकू शकत नाही. पूर्वी मसाल्याचा दोन इंची थर ते काम करत असे. थोडक्यात, अचूकता आता टाइलवाल्याच्या आधी, गिलावा करणाऱ्याकडून हवी असते, आणि तो माणूस तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. उरला ‘मिस्त्री बाहेरगावचे’ हा आक्षेप. लोणावळ्याच्या बंगल्यांवरचे हात पूर्वीही सगळे मावळातले नव्हते. दगडाबरोबर वडार, बेलदार गावोगाव हिंडतच होते.

म्हणून नवं काम तपासताना डोळ्याआधी पाण्याला विचारावं, जुन्या न्हाणीत विचारत तसं. बादली ओतावी आणि अर्ध्या तासाने कुठे डबकं राहिलं ते बघावं. मग काठीच्या टोकाने किंवा नाण्याने टाइल्स वाजवाव्यात, कडा आणि कोपरे विशेष करून. रेषा आणि सांधे शेवटी. भिंतीला टेकवून धरलेल्या टॉर्चच्या उजेडात नखाएवढा उठावही डोंगराएवढा दिसतो, त्यावरून मिस्त्रीला फासावर चढवू नये. मोठ्या लांबट टाइल्स मुळातच मध्यभागी किंचित फुगीर असतात. त्या विटांसारख्या निम्म्यावर चढवून लावायचा हट्ट मालकाचा असेल तर एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येणारच. ‘सांधा दिसता कामा नये’ हाही मालकाचाच हट्ट. दोन मिलिमीटरचा सांधा ठेवला असता तर टाइल्सच्या मापातला फरक त्यात विरून गेला असता.

दुरुस्तीत काय जमतं आणि काय नाही हे दोषाच्या खोलीवर ठरतं. सांधे खरवडून पुन्हा भरता येतात. एखादी पोकळ टाइल मधून फोडत कडेकडे काढता येते, मात्र खोक्यावरचा तोच शेड आणि तेच माप असलेली जादा टाइल घरात ठेवलेली हवी. ढाळ उलटा असेल तर कोब्यापर्यंत उकरण्याला पर्याय नाही, वरून काहीही थापलं तरी. म्हणूनच कोब्यावर एक-दोन दिवस पाणी भरून ठेवण्याची चाचणी टाइल येण्याआधी व्हायला हवी, आणि त्याच वेळी ढाळही बघून घ्यायला हवा. मजुरीचा प्रश्न मात्र याहून जुनाट आहे. पाच बाय सात फुटांच्या बाथरूमची जमीन अवघी पस्तीस चौरस फूट भरते, पण तिच्यात जाळी, उंबरा, पाइप आणि चार कोपरे असतात. चौरस फुटावर ठरलेल्या दरात सरळ भिंतीवरची अख्खी टाइल आणि कमोडच्या पाइपाभोवती गोल कापलेली टाइल एकाच भावाची. घासाईचे पैसे पूर्वी लादी बसवण्यापासून वेगळे मोजले जात असत. कापणीचे आणि कडांचे पैसे तसेच रनिंग फुटावर वेगळे लावायला मिस्त्रींची हरकत नसते. मालकाला मात्र त्यात वाढीव खर्च दिसतो.