नाणेघाटांतील पोढी आणि विजेची मोटार

जुन्या काळीं एखाद्या गांवाचें अंतर विचारलें तर उत्तर बहुधा मजलांत मिळे. अमुक गांव तीन मजलांवर आहे असें सांगितलें, म्हणजे वाटेंत दोन मुक्काम पडणार आणि दोन ठिकाणीं चारापाणी पाहावें लागणार, हें प्रवाशास आपोआपच समजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अज्ञात व्यापाऱ्यानें ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथांतहि हीच रीत दिसते. पैठण हें भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तेर पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर, असें त्यांत सांगितलें आहे. अंतर दिवसांनीं मोजण्याचें कारण उघड आहे. रस्ता किती लांब आहे यापेक्षां जनावर एका दमांत किती चालेल, हा प्रश्न त्या काळीं अधिक महत्त्वाचा होता. लादलेला बैल दिवसाकाठीं दहाबारा मैल चाले. पुढें त्याला पाणी, चारा आणि विसावा हवाच असे.

पेट्रोलच्या मोटारीनें हा हिशेब लोकांना विसरावयास लावला आणि विजेच्या लहान मोटारीनें तो पुनः त्यांच्यापुढें आणून ठेवला. एकदां वीज भरल्यावर शंभर-दीडशें किलोमीटर धांवणारी गाडी घेऊन जुन्नर आणि आंबेगांव तालुक्यांच्या डोंगरांत जावयाचें, तर आधीं कागद-पेन्सिल घेऊन बसावें लागतें. कोठें थांबावयाचें, चढ किती आहे, परत येण्यापुरतें बळ उरेल कीं नाहीं? दोन हजार वर्षांपूर्वीं याच डोंगरांतून तांडे नेणाऱ्या सार्थवाहांपुढें हेच प्रश्न होते, आणि त्यांचें उत्तर येथील खडकांत कोरलेलें आढळतें.

जुन्नरच्या पश्चिमेस सुमारें तीस किलोमीटरांवर नाणेघाट आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल या घाटानें देशावर चढे आणि जुन्नरवरून पैठणकडे जाई. घाटमाथ्याशीं असलेल्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील प्रसिद्ध लेख आहे. राजकुलानें केलेले यज्ञ आणि त्या प्रसंगीं दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई व कार्षापण यांची त्यांत मोजदाद आहे. भारतांतील अंकचिन्हांच्या आरंभींच्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण असून तो जकातीचीं नाणीं टाकण्यासाठीं होता, असें परंपरा सांगते.

परंतु प्रवासाच्या दृष्टीनें पाहिलें तर राणीच्या लेखाइतकाच मोलाचा दुसरा एक लहानसा लेख येथें आहे. खडकांत खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापाशीं तो कोरलेला आहे. त्याचा अर्थ इतकाच कीं, ही पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाचा देयधर्म आहे. पोढी म्हणजे पाण्याचें टाकें, आणि देयधर्म म्हणजे पुण्यबुद्धीनें दिलेलें दान. सोपारा तेथून कित्येक मजला दूर, समुद्रकांठीं. तेथील एका मनुष्यानें आपलें द्रव्य खर्चून टाकें खोदविलें तें स्वतःच्या गांवीं नव्हे, तर चढाच्या वाटेवर. खालून चढून आलेला बैल याच ठिकाणीं थकणार, हें त्याला ठाऊक असलें पाहिजे.

असें करणारा तो एकटाच नव्हता. जुन्नरच्या भोंवतालच्या डोंगरांत दोनशेंच्या आसपास लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांपैकीं शिवनेरीवरील एका लेखांत इरिल नांवाच्या यवनानें दोन पोढ्या दिल्याची नोंद आहे, तर चिट नांवाच्या दुसऱ्या एका यवनानें भोजनमंडप दिल्याची नोंद अन्य लेखांत सांपडते. पाणी आणि अन्न यांची सोय असल्यावांचून डोंगरांतील वाट वाहती राहत नाहीं, हें परदेशीयांनाहि कळलें होतें.

वाट कोणती निवडावी, हाहि प्रश्न सोयींइतकाच जुना आहे. 1675 सालीं इंग्रजांच्या कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा मुंबईहून जुन्नरला मोगल अधिकाऱ्याच्या भेटीस गेला. जातांना सोपी वाट चुकल्यामुळें एक बिकट घाट चढतां चढतां त्याची दमछाक झाली. येतांना तो नाणेघाटानें सुखरूप उतरला. दोन्ही घाट त्याच एका डोंगराचे. परंतु आधीं चौकशी न केल्याचा दंड त्याच्या माणसांच्या पायांना भरावा लागला.

पुढें चाकांचा काळ आला. बैलाच्या पाठीला उभा चढ चाले. गाडीला मात्र सौम्य उताराचा रुंद रस्ता हवा. 1830 सालीं बोरघाटांतील गाडीरस्ता खुला झाला आणि 1863 सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. मुंबई-पुण्याची वर्दळ त्या बाजूस वळली आणि नाणेघाटाचा व्यापार ओसरत गेला. टाक्यांतील पाणी आटलें नव्हतें. वाहन बदललें होतें आणि वाहनाबरोबर त्याची भूकहि बदलली होती.

पेट्रोलच्या मोटारीलाहि आरंभीं ही भूक भागवितांना यातायात पडली. 1888 सालीं जर्मनींत बेर्था बेंझ या बाईनें आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास मोटारीनें केला. वाटेंत इंधन संपत आलें तेव्हां तिनें एका औषधविक्याच्या दुकानांतून तें विकत घेतलें. चढावर गाडी ढकलावी लागली. पेट्रोलचे पंप गांवोगांव होण्यास पुढें बराच काळ जावा लागला. ते झाल्यावरच मोटारीची मजल अमर्याद आहे, असें लोकांना वाटूं लागलें.

विजेच्या मोटारीची आजची अवस्था या दोहोंच्या मधली आहे. 2001 सालीं बंगळूरची 'रेवा' ही गाडी बाजारांत आली. ती एकदां वीज भरल्यावर सुमारें 80 किलोमीटर जाई. कल्याणपासून माळशेज घाटाचा माथा याहून अधिक दूर असल्यामुळें मुरबाडला किंवा आसपास मुक्काम केल्याशिवाय अशा गाडीला देशावर येतांच आलें नसतें. अलीकडच्या लहान गाड्यांची मजल वाढली आहे. तरी घाट लागतांच कागदावरचें अंतर आणि बॅटरींतील अंतर यांची फारकत होते.

ही फारकत गणितानें काढतां येते. प्रवाशांसह गाडीचें वजन 1,200 किलो धरलें आणि माळशेजचा चढ सुमारें 700 मीटर मानला, तर तितका भार तितका उंच नेण्यास सव्वादोन युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. यंत्रांतील घट धरल्यास ती अडीच-पावणेतीन युनिटांवर जाते. सपाटीवर अशी गाडी एका युनिटांत साधारणतः आठ किलोमीटर जाते. म्हणजे चढाच्या त्या थोड्या किलोमीटरांत वीस-बावीस किलोमीटरांची जास्तीची मजल खर्ची पडते. म्हणून कल्याणकडून येणाऱ्यानें अंतरांत वीस मिळवूनच हिशेब करावा, आणि माथ्यावर पोंचल्यावर ओतूर, जुन्नर किंवा आळेफाटा येथपर्यंत जाण्याइतकी शिल्लक हाताशीं ठेवावी. पावसाळ्यांत दरडी कोसळून हा घाट बंद पडण्याचे प्रसंग येतात. तेव्हां मागें फिरण्यापुरती वीजहि याच शिलकेंतून काढावी लागते.

उताराचा हिशेब निराळा आहे. उतरतांना गाडीचें विद्युत्‌यंत्रच जनित्राचें काम करूं लागतें आणि चढास लागलेल्या विजेचा बराच अंश बॅटरींत परत येतो. बैलाला असें कधीं जमलें नाहीं. मात्र माथ्यावरच बॅटरी काठोकाठ भरून घेतली, तर उतारानें देऊं केलेली वीज ठेवावयास जागाच उरत नाहीं. म्हणून उतरणाऱ्यानें माथ्यावर थोडी जागा रिकामी ठेवावी.

आंबेगांवच्या बाजूस अडचण चढापेक्षां परतीची आहे. पुण्याहून मंचर साठ किलोमीटरांच्या आसपास, आणि मंचरहून घोडेगांव-डिंभ्यावरून भीमाशंकर आणखी साठ-पासष्ट किलोमीटर. दीडशें किलोमीटर जाणारी गाडी पुण्याहून एका दमांत भीमाशंकरास पोंचेल. परंतु तेथें सोय न मिळाल्यास तिला परत येतां येणार नाहीं. मंचरास वीज भरून घेतली तर तेथून जाऊन परत तेथेंच येण्याचा हिशेब जेमतेम जुळतो, आणि जेमतेम जुळणाऱ्या हिशेबावर डोंगरांत जाऊं नये. यास्तव मंचर, घोडेगांव किंवा देवस्थानाजवळ रात्रीचा मुक्काम करून, यजमानाच्या परवानगीनें रात्रभर वीज घ्यावी, हेंच शहाणपणाचें. मुक्कामाची सोय आणि विजेची जोडणी यांची चौकशी निघण्यापूर्वींच करावी. फ्रायरनें वाटेची चौकशी न करतां जें भोगलें, तें आजहि भोगतां येतें.

या वाटेवरच डिंभे धरणाचा विस्तीर्ण जलाशय लागतो. ज्या गांवावरून तालुक्याला नांव मिळालें, तें जुनें आंबेगांव याच पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवास आहे. धरणांनीं पूर्वेकडील शेतें भिजलीं आणि नारायणगांव-मंचरच्या बाजारपेठा वाढल्या. पुणें-नाशिक हमरस्ताहि त्याच बाजूनें जातो. नव्या सोयी प्रथम अशा वाहत्या रस्त्याकडे धांव घेतात. पश्चिमेकडील डोंगराळ पट्टा, जेथें महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत आणि जेथें थकलेल्या वाहनाला विसाव्याची खरी गरज पडते, तो मागें राहण्याचा संभव असतो.

येथेंच त्या जुन्या लेखाचें मोल ध्यानांत येतें. गाडीची मजल वाढविण्याचे प्रयत्न कारखान्यांत चालतील आणि ती वाढेलहि. परंतु घाटवाट वाहती राहते ती केवळ वाहनाच्या बळावर नव्हे. चढावर कोणी काय ठेवलें आहे, यावरहि ती अवलंबून असते. घाटमाथ्यावरच्या एखाद्या वाडींत खानावळ चालविणाऱ्यानें विजेची एक मजबूत जोडणी करून ठेवली, तर प्रवाशाला वीज मिळेल आणि वाडीला चार पैसे मिळतील. सोपाऱ्याच्या गोविंददासानें बाजारांत टाकें खोदलें असतें तर त्याचें नांव अधिक लोकांनीं वाचलें असतें. त्यानें तें घाटांत खोदलें, आणि त्याचा उपयोग तहानलेल्यांना झाला.