जोन्स एकटा जातो

या सुट्टीत चिरंजीव आमच्याकडे बाडमेरला आले आहेत. दुपारी पारा ४५ च्या वर गेला की क्वार्टरबाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे लॅपटॉपवर गेम चालू असतो. परवा ऑफिसातून जेवायला घरी आलो तर पडद्यावर ओळखीचं दृश्य होतं. टेकडीचा उतार, खाली तारेचं कुंपण, वॉच टॉवर आणि आत फेऱ्या मारणारे पहारेकरी. चिरंजीव वैतागलेले.

"बाबा, हा गेम बिघडलाय. मधे सेव्हच होत नाही."

"बिघडलेला नाही, तो तसाच आहे," मी म्हणालो आणि खुर्ची ओढून बसलो. जेवण थंड झालं, सौभाग्यवती दोघांवर रागावल्या.

गेमचं नाव 'प्रोजेक्ट आय.जी.आय.'. 'आय अ‍ॅम गोइंग इन', म्हणजे 'मी आत जातोय'. डिसेंबर २००० मध्ये तो बाजारात आला. माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी त्या काळात सायबर कॅफेत चार पैसे घालवले, त्यांनी तो खेळला तरी आहे किंवा दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिला तरी आहे.

मी तेव्हा खडकवासल्याला एनडीएत कॅडेट होतो. कारगिल संपता संपता आमचा कोर्स दाखल झाला होता. रविवारी लिबर्टी मिळाली की पुण्यात जायचं, पोटभर खायचं आणि उरलेला वेळ कॅफेतल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर काढायचा. एक जण खेळणार, तिघे मागे उभे राहून अक्कल शिकवणार. पाचला सगळे पळत बसकडे.

हा गेम बनवला नॉर्वेतल्या ओस्लोच्या 'इनरलूप स्टुडिओज'ने आणि बाजारात आणला 'आयडॉस'ने. इनरलूपने त्याआधी लढाऊ विमानाचा एक सिम्युलेटर केला होता आणि त्याचंच इंजिन इथे वापरलं. म्हणून मैदानं एवढी मोठी. त्या काळच्या इतर बंदुकीच्या गेममध्ये खोल्या आणि बोळ असायचे, इथे मात्र लांबवर पसरलेला तळ, डोंगर आणि आकाश. नायक डेव्हिड जोन्स, ब्रिटिश एसएएसचा माजी जवान. एकूण १४ मोहिमा. चोरीला गेलेल्या अण्वस्त्राचा माग काढत शेवटी ते निकामी करायचं.

ही कथा हवेतून आलेली नव्हती. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा त्याची अण्वस्त्रं रशियाखेरीज युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तान या नव्या देशांत विखुरलेली होती. ती सगळी रशियात परत जायला १९९६ उजाडलं. गेमची सुरुवात ज्या एस्टोनियात होते तिथे पाल्दिस्की या बंदरात सोव्हिएत आण्विक पाणबुड्यांच्या खलाशांचं प्रशिक्षण केंद्र होतं, दोन अणुभट्ट्यांसह. ते एस्टोनियाच्या ताब्यात आलं सप्टेंबर १९९५ मध्ये. पगार थकलेला पहारेकरी, गंजलेलं कुंपण आणि आत काय आहे याचा हिशेब नाही, ही त्या दशकातली खरी धास्ती होती. ओस्लोच्या मुलांना ती आपल्यापेक्षा जवळून दिसत असणार.

आता फौजी नजरेने या गेमबद्दल बोलतो. त्यातल्या काही गोष्टी आजही पटतात. धावत सुटलात तर दोन मिनिटांत मेलात. आधी टेकडीवर पडून दुर्बिणीने बघायचं. पहारेकरी किती, कुठून कुठे फिरतात, कॅमेरा कुठल्या बाजूला वळतो, अलार्मचं बटण कुठे आहे. अलार्म वाजला की बराकीतून माणसं येतच राहतात आणि मग तुमची नेमबाजी कितीही चांगली असो, उपयोग नाही. आणि मोहिमेच्या मधे सेव्ह नाही. ४० मिनिटं नीट खेळून शेवटच्या दारात चूक केली तर पुन्हा टेकडीवर. आम्ही शिव्या घालायचो, पण या एका नियमामुळे हात आवरायला शिकलो. चूक महाग असेल तरच माणूस आधी बघतो.

जे चुकीचं शिकलो ते मात्र समजायला आणखी चार वर्षं लागली.

मी नवा लेफ्टनंट. रात्रीच्या छाप्याची एक्सरसाइज होती आणि पार्टीचा कमांडर मी. लुटुपुटूच्या शत्रूचा तळ, खरी अंधारी रात्र. ठरल्याप्रमाणे सगळे शेवटच्या थांब्यावर आले. तिथून शेवटची रेकी करायला मी आणि स्काउट पुढे निघालो. पहारेकऱ्याच्या दोन फेऱ्यांमधली फट मला दिसली. स्काउटला तिथेच बसायची खूण केली आणि मी एकटा आत शिरलो. कुंपणापलीकडे, तंबूंच्या मधे, कुणालाही चाहूल न लागता. काय सांगू, छाती फुगली होती. मग पहारा बदलला, फट बंद झाली आणि मी आत अडकलो. बाहेर फायर सपोर्टवाले इशाऱ्याची वाट बघत होते. त्यांना गोळीबार उघडता येईना, कारण साहेब कुठे आहेत हेच ठाऊक नव्हतं. असॉल्टवाले जमिनीला पाठ लावून थंडीत पडून राहिले. उजाडलं. अंपायरने छापा फसल्याचं जाहीर केलं.

परतताना माझा हवालदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहब, अकेले तो आप बढ़िया गए. पर हम चौबीस आदमी किसके पीछे जाते?"

त्या वाक्यानंतर इतिहास वाचायची माझी पद्धत बदलली. कुठल्याही छाप्याची हकिकत हाती आली की आता मी आधी शोधतो ते हे: बाहेर कोण थांबलं होतं, वाट कुणी दाखवली आणि परत कसे आले?

जोन्सच्याच पलटणीपासून बघा. एसएएसचा जन्म जुलै १९४१ मध्ये इजिप्तमध्ये झाला. डेव्हिड स्टर्लिंग हा तरुण लेफ्टनंट पॅराशूट उडीत जखमी होऊन हॉस्पिटलात पडला होता. मोठ्या तुकडीऐवजी चार-पाच जणांच्या टोळ्या रात्री शत्रूच्या विमानतळांवर घुसवाव्यात, ही त्याची कल्पना. पहिली मोहीम १६ नोव्हेंबर १९४१ च्या रात्री झाली, लिबियातल्या विमानतळांवर. वादळ होतं, तरी उड्या मारल्या. वाऱ्याने माणसांना पॅराशूटसकट दगडांवरून फरफटत नेलं, स्फोटकांच्या पेट्या सापडल्या नाहीत. एकही विमान उडवता आलं नाही. ५० हून अधिक जण गेले होते, परतले २२ च्या आसपास.

जे परतले त्यांना वाळवंटातून उचलून आणलं लाँग रेंज डेझर्ट ग्रुपने. राल्फ बॅग्नॉल्ड या अधिकाऱ्याने १९४० मध्ये उभी केलेली ही तुकडी ट्रकवर महिनोन्‌महिने वाळूत राहायची आणि सूर्याच्या सावलीवर चालणाऱ्या कंपासने दिशा धरायची. स्टर्लिंगने धडा घेतला. विमानातून उडी नको, या लोकांच्या ट्रकमधून जायचं, त्यांच्याच ट्रकमधून परत यायचं. पुढच्याच महिन्यात, डिसेंबरात, पॅडी मेनच्या टोळीने तामेत विमानतळावर एका रात्रीत २४ विमानं निकामी केली. पुस्तकांत नाव मेनचं येतं. ट्रक चालवणाऱ्याचं, ठरल्या जागी रात्रभर थांबून राहणाऱ्याचं नाव शोधावं लागतं. याच कामासाठी भारतीय घोडदळ रेजिमेंटांतल्या जवानांची इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनही उभी राहिली होती. आपल्याकडे फार थोड्यांना ती ठाऊक आहे.

खडकवासल्याहून आम्हाला रोज सिंहगड दिसायचा. लाल महालावरचा ५ एप्रिल १६६३ चा छापा आपण सगळे चौथीत शिकलो आणि लक्षात राहिली ती खानाची तुटलेली बोटं. आज मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. पुण्याभोवती मोगलांची एवढी मोठी छावणी पडलेली असताना महाराज माणसांसह बाहेर पडून सिंहगडाकडे निघून गेले. आत जायची योजना करणारा शूर असतो, पण बाहेर पडायची योजना आधी करणारा सेनापती असतो.

आणि आता ज्या वाळूत बसून हे लिहितोय तिथली गोष्ट. इथून सरहद्दीपलीकडे सिंधमध्ये चाछरो नावाचं गाव आहे. डिसेंबर १९७१ मध्ये लेफ्टनंट कर्नल सवाई भवानी सिंह यांच्या हाताखालच्या १० पॅरा कमांडोने सुमारे ८० किलोमीटर आत शिरून तिथल्या तळावर छापा घातला. मशीनगन बसवलेल्या जीप आणि जोंगा गाड्या होत्या. चाछरोनंतर वीरावाह, नगरपारकर. चार दिवस आणि चार रात्री ही माणसं शत्रूच्या मुलखात होती. भवानी सिंह यांना महावीर चक्र मिळालं. जयपूरचे महाराज म्हणून त्यांचं नाव गाजलं, ते बरोबरच आहे. पण मी इथल्या टिब्ब्यांतून रात्री गाडी नेली आहे, तेव्हा थोडं सांगू शकतो. दिवे बंद ठेवून, इंजिनाचा आवाज सांभाळून ८० किलोमीटर जाणं म्हणजे काय? एक गाडी रुतली की सगळा काफिला थांबतो. पाणी आणि पेट्रोल मोजून. दिशा पाच अंश चुकली तर ८० किलोमीटरनंतर तुम्ही गावापासून सात किलोमीटर बाजूला असता. हे काम नेम मारणाऱ्याचं नाही. ते ड्रायव्हरचं, नेव्हिगेटरचं, मेकॅनिकचं आणि त्याआधी वाळवंटात महिनोन्‌महिने केलेल्या सरावाचं आहे.

जोन्सला यातलं काही लागत नाही. तो अर्धा डझन हत्यारं एकट्याने वागवतो, त्याला तहान लागत नाही, त्याच्याकडे जखमी सोबती नाही. रेडिओवर अन्या नावाच्या बाईचा आवाज, तेवढीच त्याची पलटण. गेम म्हणून याला माझी तक्रार नाही. चोवीस जणांची जबाबदारी घेऊन रविवारची दुपार कोण घालवेल? पण या गेमवर वाढलेली मुलं आता आमच्याकडे तरुण अधिकारी म्हणून येतात. रात्री एकटं पुढे सरकायची त्यांची घाई मी ओळखतो, कारण ती माझीच होती. त्यांना रागावत नाही. हवालदाराचं ते वाक्य सांगतो.

चिरंजीवांनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही नापास झालात?"

"झालो."

"मग परत पहिल्यापासून?"

"एक्सरसाइज होती म्हणून."

यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग वहीचं मागचं पान उघडून पेन माझ्या हातात दिलं. "तुम्ही दुर्बिणीत बघून पहारेकरी लिहा. मी चालवतो."

संध्याकाळपर्यंत आम्ही पहिली मोहीम पार केली. कॅमेरा माझ्या नकाशात चुकीच्या जागी होता, त्यामुळे तीनदा मेलो. तिन्ही वेळा दोष नकाशा काढणाऱ्याचा, असं चिरंजीवांचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.