नांग्या आणि सातबारा

रोजगार हमी म्हटलं की डोळ्यांपुढे दुष्काळ, खडी फोडणारी माणसं आणि पाझर तलाव येतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना घाटावरची. आमच्या कोकणात, देवरूखला, एकदा पाऊस लागला की थांबायचं नाव घेत नाही, तिथे तिचं काय काम, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटे.

1990 साली, शरद पवार मुख्यमंत्री असताना, या योजनेला फळबाग लागवड जोडली गेली. तोवर हमीचं काम म्हणजे रस्ता, नाहीतर बंधारा. आता शेतकऱ्याने स्वतःच्या सातबाऱ्यावर खड्डा मारला तरी मजुरी सरकार देणार, वर कलमं आणि खताचा खर्चही. ‘शंभर टक्क्यांची योजना’ हे तिचं गावातलं नाव. मी तेव्हा संगमेश्वर तालुक्यात कृषी सहायक होतो. राज्यात त्यापूर्वी फळबागा अडीच लाख हेक्टरांच्या आसपास होत्या. पुढच्या पंधरा वर्षांत त्या कितीतरी पटींनी वाढल्या. आमच्या वाटणीला त्यातला काजू जास्त आला. हापूसला समुद्राकडची हवा मानवते, देवरूखच्या सड्यावर वेंगुर्ला-4 काजू बरा. सात मीटरवर एक, म्हणजे हेक्टरी 200 कलमं. याच वरकस जमिनीत पूर्वी राब भाजून नाचणी, वरी होत असे. ती गेली, याबद्दल फारसं कुणी रडलं नाही. डोंगर चढून राबासाठी कवळं वाहणाऱ्या बायका तर नाहीच नाही.

अनुदान तीन वर्षांत विभागून मिळे आणि पुढचा हप्ता जिवंत झाडांच्या मोजणीवर. इथे खरी गंमत. भात कापलं की गुरं मोकाट सोडायची ही आमची जुनी रीत, त्यात मार्च-एप्रिलला कातळ तापतो, मग कलमं मरायचीच. मेलेल्या झाडांच्या जागी नवी लावायची, म्हणजे नांग्या भरायच्या. काहीजण त्या पावसाच्या तोंडावर भरत, काहीजण साहेब यायच्या आदल्या दिवशी. ओळखायला अवघड नसे. आळ्यातली माती लालभडक आणि भुसभुशीत, आणि कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी तशीच. वर्षभर जगलेल्या कलमाला ती पट्टी काचते, जोड फुगलेला दिसतो. मी तीच पट्टी चाचपून बघायचो. एका आजींनी मला सुनावलं होतं, “भाऊ, हंडे मी वाहिलेत, पट्टी काय बघतोस?” मोजणीच्या तक्त्यात हंड्यांचा रकाना नव्हता, ही गोष्ट खरी.

पुढे केंद्राचा 2005 चा रोजगार हमी कायदा आला आणि फळबाग त्यात गेली. जॉब कार्ड हवं, मर्यादा दोन हेक्टर. ज्यांना ते जमत नव्हतं, त्यांच्यासाठी 2018 मध्ये भाऊसाहेब फुंडकरांच्या नावाची योजना निघाली. तिच्यात कोकणाला दहा हेक्टरांपर्यंत सवलत, इतरत्र सहा. आणि किमान क्षेत्र इतरत्र वीस गुंठे तर आमच्याकडे दहा. कोकणातले तुकडे किती बारीक असतात हे मुंबईत कुणीतरी समजून घेतलं, याचं मला बरं वाटलं. 

पण अडतं ते वेगळीकडेच. सातबाऱ्यावर नावं दहा, कसणारा एक, बाकीचे नालासोपारा, डोंबिवली. सामाईक जमिनीत लागवड करायची तर सगळ्यांची संमती लागते. गणपतीत चाकरमानी आले की कागद पुढे करायचा. आरती होते, सही होत नाही. याला भाऊबंदकी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. 1949 च्या कायद्याने खोती गेली, 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनी कसणारी कुळं मालक झाली. कसेल त्याची जमीन, हे या माणसांच्या आजोबांनी प्रत्यक्ष पाहिलेलं. भात तरी दरसाल कापून संपतं. काजू तीस-चाळीस वर्षं उभा राहतो, आंबा त्याहून जास्त. चुलतभावाने सरकारी पैशाने लावलेलं झाड उद्या त्याच्या ताब्याचा पुरावा होईल, ही भीती अगदीच अडाणी नाही.

म्हणून हेक्टरांची मर्यादा वाढवून आमच्याकडे फार फरक पडणार नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर होते, कोण काय पिकवतो त्याची नोंद तिथे आहेच. अनुदान त्या नोंदीवर द्यावं आणि त्याच कागदावर लिहावं की या लागवडीने कुणाचाही हिस्सा कमी-जास्त होत नाही. निवृत्तीनंतर हे मी तालुक्याच्या एका सभेत मांडलं. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “आणि काजूच्या बियांचे पैसे? त्यात हिस्सा कुणाचा?” त्यावर सभा आणखी तासभर चालली.