कोतवाल बुकापासून गेटवरच्या रजिस्टरपर्यंत

स्मरणिका समितीने मला विषय दिला तो ‘आपली सोसायटी आणि सुरक्षा’. पंचवीस वर्षांत किती चोऱ्या झाल्या, कॅमेरे कधी लागले, एवढंच लिहायचं तर एका पानात काम झालं असतं. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला थोडं मागून सुरू करायची सवय आहे. सभासदांनी सांभाळून घ्यावं.

महालातलं कोतवाली पोलीस ठाणं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्या नावात जुना कोतवाल अजून बसलेला आहे. मराठी राज्यांत शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे आणि तो मोठा अधिकारी असे. गावातला कोतवाल मात्र अगदी शेवटच्या पायरीवरचा माणूस. विदर्भातल्या गावांत हे काम बहुतेक ठिकाणी महार समाजाकडे लावून दिलेलं होतं. रात्री गस्त घालायची, गावात परका माणूस उतरला की वर कळवायचं, साहेब आला की त्याचं सामान उचलायचं, निरोप घेऊन कोसभर पळायचं. मोबदला म्हणजे थोडं धान्य, कुठे जमिनीचा तुकडा. ज्याच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपायचं, त्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. गावच्या सुरक्षेचा इतिहास लिहिताना ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

या कोतवालाकडे इंग्रजी अमलात आणखी एक काम आलं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे ठाण्यावर जाऊन सांगायचं आणि तिथे ते लिहून घेतलं जायचं. त्या नोंदींना आपल्याकडे आजही ‘कोतवाल बुक’ म्हणतात. आपल्या सोसायटीतल्या निदान दहा-बारा घरांनी मुलांच्या जात पडताळणीसाठी तहसील कार्यालयात त्याची नक्कल काढायला चकरा मारल्या असतील. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. घरात कागद सापडत नाही, आजोबा शाळेत गेलेले नसतात, मग शेवटी कामी येतं ते कोतवाल बुक. ज्या माणसाला अनेकदा स्वतःला अक्षरओळख नव्हती, त्याने तोंडी सांगितलेल्या नोंदीवर आज त्याच्या आणि इतरांच्याही पणतवंडांचे इंजिनियरिंगचे प्रवेश होतात!

आता पोलिसांकडे वळू. १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा झालं. १८५७ चा उठाव होऊन गेल्यावर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला आणि त्याच वर्षी नागपूर राजधानी धरून मध्य प्रांत तयार केला. म्हणजे आपलं शहर राजधानी झालं आणि खाकी व्यवस्थेचा पाया घातला गेला, तो एकाच वर्षी. या कायद्यात लोकांच्या सोयीपेक्षा सरकारचा धाक जास्त होता, आणि ते खुद्द इंग्रजांनाही कळत होतं. १९०२-०३ मध्ये जो पोलीस आयोग बसला त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर, म्हणजे याच नागपुरातून मध्य प्रांताचा कारभार पाहिलेले चीफ कमिशनर. पोलीस कार्यक्षम नाहीत, भ्रष्ट आहेत आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास नाही, असा निष्कर्ष त्यांच्या आयोगाने सरळ काढला.

नोंदवहीची दुसरी बाजूही याच काळातली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाचं नाव जन्मावरून ठाण्याच्या रजिस्टरात चढायला लागलं. गुन्हा केला म्हणून नाही, अमुक जमातीत जन्मला म्हणून! हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवानगी घ्यायची. विदर्भात पारधी समाजाने हे फार सोसलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, पण संशय गेला असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पुढचं पटकन सांगतो. १९५६ मध्ये राजधानी गेली, १९६० मध्ये आपण महाराष्ट्रात आलो, १९६५ मध्ये नागपूरला पोलीस आयुक्तालय झालं. कोतवाली, तहसील, सीताबर्डी ही जुन्या शहराची ठाणी; हुडकेश्वर, बेलतरोडी, वाठोडा ही शहर पसरत गेलं तशी आलेली. शंभर नंबरच्या जागी आता ११२ आहे.

पण एका दिवसापाशी थांबावंच लागेल. १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगरातल्या बायांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला भर न्यायालयाच्या इमारतीत ठार केलं. वर्षानुवर्षे तो वस्तीला छळत होता, बायकांवर अत्याचार करत होता. वस्तीचं म्हणणं असं की तक्रार द्यायला गेलं की ती घेतली जात नव्हती, उलट त्यालाच जाऊन कळत होतं. पुढे खटला चालला आणि २०१४ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. जमावाने न्याय करावा असं मी म्हणणार नाही, कोणीच म्हणू नये. पण ही घटना मी वर्गात ‘कायदा सुव्यवस्था’ या धड्याखाली कधी शिकवली नाही. माझ्या मते ती न लिहिलेल्या नोंदींची गोष्ट आहे.

त्यानंतर कायदा बराच पुढे आला. १२ नोव्हेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. हे एवढं घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलींना, सांगून ठेवा.

आपल्याकडेही याचा अनुभव आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी पार्किंगमधून एक ॲक्टिव्हा गेली. ठाण्यात (नाव लिहीत नाही) आम्हाला सांगितलं, ‘साधा अर्ज देऊन जा.’ तेव्हाचे आपले सचिव खुर्ची ओढून बसले, रात्री अकरापर्यंत उठले नाहीत. एफआयआर झाला. गाडी काही मिळाली नाही, पण विमा मिळाला. तिथे कामी आली ती आपल्या चौकीदाराची वही. पहाटे तीन चाळीसला गेटसमोर थांबलेल्या मालवाहू ऑटोचा अर्धा नंबर त्याने लिहून ठेवला होता. ‘लिहून ठेवलं की विसरलं तरी चालते,’ असं तो म्हणायचा.

सुरुवातीच्या चार वर्षांत तर चौकीदारही नव्हता. कंपाउंड नाही, रस्त्यावर दिवे नाहीत, आणि चड्डी-बनियान गँगच्या अफवा. दोन-दोन घरांची पाळी लावून आपण काठी आणि शिट्टी घेऊन फिरत होतो. थंडीत शेकोटीपाशी जी ओळख झाली तिच्यावर पुढची सोसायटी उभी राहिली, असं जुन्या लोकांना विचारलं तर सांगतील. नव्यांना खरं वाटणार नाही.

आता सोळा कॅमेरे आहेत. चांगलं आहे, मी विरोधात नाही. पण फूटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, आणि तीन नंबरच्या आजींच्या दाराला दुधाची पिशवी दुपारपर्यंत लटकलेली आहे याचं कॅमेऱ्याला काही वाटत नाही. येत्या सर्वसाधारण सभेपुढे रात्रीचा दुसरा चौकीदार कमी करायचा विषय आहे. माझं मत विरोधात पडेल, हे आधीच सांगून टाकतो. उरलेल्यालाही बारा तासांची पाळी आणि बसायला प्लॅस्टिकची तुटकी खुर्ची आहे. गावच्या कोतवालाला आपण याहून काय वेगळं वागवलं होतं?

रजिस्टराबद्दल आणखी एक. आपल्या गेटवर नाव, मोबाईल, वेळ लिहावी लागते ती धुणं-भांडीवाल्या बायांना, पार्सलवाल्या पोरांना, रंगाऱ्याला. जाताना बायांच्या पिशव्याही उघडून पाहतात. चारचाकीतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी गेट तसंच उघडतं. लिहायचं तर सगळ्यांचं लिहा, नाहीतर हे १८७१ चं रजिस्टर झालं. मागच्या सभेत हे बोललो तेव्हा दोघं-तिघं हसले होते. ठीक आहे.

जुनी अकरा रजिस्टरं कार्यालयातल्या लोखंडी कपाटात खालच्या खणात आहेत. दोनांना वाळवी लागली आहे, बाकीची वाचता येतात. दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत काढू नयेत, अशी सचिवांना लेखी विनंती दिली आहे.