गवत, कोळसा, पेट्रोल : खानदेशातील वाटांचा चारशे वर्षांचा हिशेब

१/१४
वरणगावहून जळगावला जाताना मोबाईलचा नकाशा दोन वाटा दाखवतो आणि एकीपुढे हिरवे पान काढतो : या वाटेने इंधन कमी लागेल. आपल्याला ही कालपरवाची करामत वाटते. पण ‘कोणत्या वाटेने कमी जळेल?’ हा प्रश्न खानदेशात मोगल काळापासून विचारला जातो आहे. बदलले ते फक्त जळण. #थ्रेड

२/१४
आधी भूगोल पाहू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. सातपुड्याच्या भिंतीला बुऱ्हाणपूर-अशीरगडापाशी एक मोठी खिंड आहे. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत येणारी फौज, व्यापारी आणि पुढे आगगाडीही याच खिंडीतून आली. कारण साधे आहे : इथे चढ कमी.

३/१४
सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला जाण्याच्या दोन वाटा होत्या. एक अहमदाबादवरून, दुसरी बुऱ्हाणपूर-सिरोंजवरून. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये याने दोन्ही नोंदवल्या आहेत. दुसरी वाट आपल्या खानदेशातली. नंदुरबार, थाळनेर, चोपडा असे टप्पे घेत ती तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूरला पोहोचत असे. आजचे वरणगाव तिच्या दक्षिणेला, नदीच्या या काठावर आहे.

४/१४
या वाटांवरचा मोठा वाहतूकदार म्हणजे बंजारा. तावेर्निये दहा-बारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन करतो. अरुंद वाटेत असा तांडा समोर आला, की तो संपेपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस थांबावे लागे. पाठीवर धान्य किंवा मीठ, आणि चाल दिवसाला जेमतेम सहा-सात मैल.

५/१४
इतकी संथ चाल का? कारण बैल चरत चरत जात. चारा विकत घ्यायचा नाही, वाटेवरच्या गवतावर भागवायचे, हेच तांड्याच्या स्वस्ताईचे रहस्य होते. म्हणून तांड्याचा नायक वाट निवडताना अंतरापेक्षा गवत आणि पाणी पाहत असे. दोन मुक्काम वाढले तरी चालतील. कुरण नसलेली जवळची वाट नको. वेळ आणि इंधन हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे त्याला पुरते ठाऊक होते.

६/१४
हा हिशेब कोलमडला, तर काय होते? १६३०-३२ च्या भीषण दुष्काळात गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळले. इंग्रज व्यापारी पीटर मंडी १६३० च्या अखेरीस सुरतेहून याच वाटेने बुऱ्हाणपूरला गेला. वाटेवरची प्रेते आणि ओस गावे त्याने लिहून ठेवली आहेत. ज्या अवर्षणाने धान्य नेले, त्यानेच गवतही नेले. धान्याची गरज सर्वांत मोठी, आणि ते आणणाऱ्या बैलाला वाटेत काडी नाही! वाटेचे इंधन संपणे म्हणजे काय, ते खानदेशाने तेव्हा पाहिले.

७/१४
दोनशे वर्षांनी जळण बदलले. मुंबईहून देशावर येण्यासाठी सह्याद्री ओलांडणे भाग होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने सुरुवातीला सुचवलेला माळशेज घाट नाकारून थळ आणि बोर हे घाट निवडले. थळ म्हणजे आपला कसारा घाट. तो मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. तरीही तिथे ३७ फुटांमागे १ फूट असा खडा चढ उरलाच.

८/१४
या आकड्याचा अर्थ समजून घ्या. सपाट रुळावर एक टन वजन ओढत ठेवायला काही किलोचे बळ पुरते. ३७ ला १ या चढावर त्यात दर टनामागे तब्बल २७ किलोची भर पडते. म्हणून कसाऱ्याला गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. एक घाट वरचा सगळा खर्च ठरवतो, म्हणून रेल्वेचे अभियंते अंतराआधी चढ मोजत. मैलभर वळसा परवडतो, चढ परवडत नाही.

९/१४
घाट चढून आलेल्या आगगाडीला खानदेशाची सपाटी म्हणजे वरदानच. भुसावळहून एक फाटा वरणगाववरून वऱ्हाडात शिरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दुसरा बुऱ्हाणपूरच्या त्याच जुन्या खिंडीतून खांडव्याकडे वळला आणि १८७० मध्ये जबलपूरला मुंबई-कोलकाता लोहमार्ग सांधला गेला. बैलाने निवडलेली खिंड इंजिनानेही निवडली. दोघांचाही शत्रू एकच : चढ.

१०/१४
मात्र वाट बदलली की नशीबही बदलते. फारुकी सुलतानांची पहिली राजधानी थाळनेर तापीच्या काठावर, जुन्या वाटेवर होती. रूळ नदीच्या दक्षिणेने गेले. आज थाळनेर हे एक गाव आहे, आणि भुसावळ देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक. वाहतुकीचा खर्च जिथे कमी, तिथे बाजार उभा राहतो.

११/१४
मग मोटार आली. वरणगाव आले सुरत-कोलकाता महामार्गावर : जुना क्रमांक ६, आताचा ५३. इंधन पंपावर सहज मिळू लागले आणि वाटेचा हिशेब आपण विसरलो. १९७३ च्या तेलसंकटाने जगाला जागे केले. अमेरिकेने १९७४ मध्ये महामार्गांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. भारतात १९७८ मध्ये पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना स्थापन झाली. भर मात्र ‘कसे चालवावे’ यावर होता. ‘कोणत्या वाटेने जावे’ हा प्रश्न मागेच राहिला.

१२/१४
त्याचे गणित आधीच तयार होते. डच संगणकतज्ज्ञ एडस्खर डाइकस्ट्रा याने १९५९ मध्ये सर्वांत कमी खर्चाची वाट शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. ‘खर्च’ म्हणजे काय, ते मात्र माणसाने ठरवायचे : अंतर, वेळ की इंधन? २००६ मध्ये स्वीडनमधील लुंड शहराच्या अभ्यासात दिसले, की ४६ टक्के फेऱ्यांत चालकांनी कमी इंधनाची वाट निवडलेली नव्हती. त्या फेऱ्यांत सरासरी ८.२ टक्के, आणि एकूण फेऱ्यांत ४ टक्के इंधन वाचू शकले असते. गूगल मॅप्सने ही सोय २०२१ मध्ये अमेरिकेत आणली; भारतासाठी ती २०२३ च्या अखेरीस जाहीर झाली.

१३/१४
आता आपला हिशेब. समजा, एक वाट ४० किलोमीटरची, मोकळी. तिच्यावर दुचाकी लिटरला ५० देते. दुसरी ३६ किलोमीटरची, पण गर्दीतली, खड्ड्यांची, वारंवार थांबवणारी. तिच्यावर ४२ देते. पहिलीला ०.८० लिटर लागते, दुसरीला ०.८६. जवळची वाट महाग पडली! उलटही घडते : मोकळ्या रस्त्यावर वेग फार वाढवला, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि बचत उडून जाते. दर लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून रोजच्या दोन वाटा प्रत्येकी आठवडाभर वापरा, टाकी भरताना लिटर आणि किलोमीटर वहीत टिपा, आणि मग ठरवा. नकाशाचे पान हा सल्ला आहे. वही हा पुरावा.

१४/१४
शेवटी एक अस्वस्थ करणारी गोष्ट. तांड्याचा बैल फुकट चरत होता, पण ते गवत कुणाच्या तरी गावाच्या शिवारातले होते. आपल्या धुराचेही तसेच आहे : पेट्रोलचे पैसे आपण देतो, धुराचे देत नाही. पण बैलाने खाल्लेले कुरण डोळ्यांना दिसे. पाऊस हुकला, की नायकाला वाट बदलावीच लागे. आपला धूर दिसत नाही, म्हणून वाट बदलण्याची सक्तीही नाही. जी सक्ती नायकावर निसर्गाने केली, ती आपल्याला समजुतीने स्वीकारावी लागणार आहे. उद्या वरणगावच्या फाट्यावर गाडी वळवताना एवढे आठवले, तरी हा धागा सार्थकी लागला.