पहाटेचे जाते आणि मनातले बोल

भोर-वेल्ह्याचा इतिहास म्हटला की राजगड, तोरणा आणि पंतसचिवांचे संस्थान डोळ्यांपुढे येते. याच गडांच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या दिवस उजाडण्यापूर्वी जात्याची घरघर सुरू होई. नाचणी, वरी, तांदूळ यांचे पीठ घरीच दळावे लागे. दळता दळता ओवी गाण्याची सवय बायकांना होती. दिवसभराच्या धबडग्यात स्वतःची म्हणावी अशी घटका बहुधा तीच.

ही सवय फार जुनी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९च्या सुमाराच्या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. पुढे संत जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागल्याची कथा रूढ झाली. त्या कथेत भक्ती आहेच. पण एकटीने जाते ओढणाऱ्या बाईला काय हवे होते, तेही आहे. समोर दुसरी बसली की ओझे अर्धे होते. एकीने ओळ म्हणावी, दुसरीने ती उचलावी, मधूनच वैरण घालावी.

मनातले रोज कोणाशी तरी बोलावे, लिहून काढावे, म्हणजे मन हलके होते, असे आज जगभर सांगितले जाते. अक्षरओळख नसलेल्या या बायकांनी ते जात्याशी केले. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, लेकराचे कौतुक आणि सासुरवास, सारे ओवीत आले. सीतेचा वनवास तर वारंवार आला. स्वतःचे दुःख उघड सांगण्याची सोय नसली, तरी सीतेचे सांगण्यास कोणाची हरकत असणार?

मात्र या चित्राला सोनेरी मुलामा चढवू नये. दळण हे कष्टच होते. हातांना घट्टे पडत, झोप मोडे, आणि ते काम पुरुषाच्या वाट्याला सहसा येत नसे. ओवीने कष्ट संपले नाहीत. ते सोसताना गाणारीचे मन मुके राहिले नाही, एवढेच.

हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन भारतीय झालेले गी प्वातव्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून या ओव्या टिपल्या. मुळशी, मावळ, वेल्हे, भोर अशा डोंगरी तालुक्यांपासून दूरच्या जिल्ह्यांपर्यंत, हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांत विठ्ठल आहे, तसे बाबासाहेब आंबेडकरही आहेत. बर्नार्ड बेल यांनी त्यांचे ध्वनिमुद्रण केले. २०१७पासून ‘पारी’ हे संकेतस्थळ त्या अनुवादासह प्रसिद्ध करीत आहे.

दरम्यान गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायकांचे हात मोकळे झाले, याचा आनंद मोठाच होता. पण ओवी हातांच्या फिरण्याला बांधलेली. हात थांबले, तशी ती मागे पडली. जात्यावर बसले की ओवी सुचते, ही म्हण उगाच नाही.

आता जाते निघते ते बहुधा लग्नघरी, हळद दळण्यापुरते. सुवासिनी खुंट्याला हात लावतात, जाते दोन फेरे घेते, आणि एखादी म्हातारी ओवी सुरू करते.