फाइल म्हणजे वस्तू की नुसता आकडा?

मंडळी, आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ‘फाइल म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न आम्हाला पायथनच्या इतिहासातही दिसतो. पायथन २ मध्ये फाइल-ऑब्जेक्टच्या पोटात सी भाषेचा फाइल-पॉइंटर असे. सी-इंटरफेसमधलं ‘पायफाइल_ॲजफाइल’ तो सरळ बाहेर काढून देई. आता सी-कोड त्यावरून वाचतो आहे आणि दुसऱ्या थ्रेडने तीच फाइल बंद केली, की प्रोग्राम कोसळण्याची भीती! म्हणून २.६ मध्ये ‘सध्या वापरात आहे’ अशी मोजणी ठेवायची सोय आली. उशिराच म्हणायची.

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आलं आणि तो पॉइंटर गेला. बफर पायथनने स्वतःकडे घेतला. सी-कोडच्या हाती उरला डिस्क्रिप्टर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला पूर्णांक. ऑब्जेक्टला ‘फाइलनो’ विचारायचं. नाही मिळाला तर उणे १. सुटसुटीत आहे, आम्हाला आवडतं. पण युनिक्समध्ये नव्या फाइलला सगळ्यात लहान मोकळा आकडा मिळतो. म्हणजे बंद झालेल्या फाइलचा आकडा लगेच दुसरीकडे जाऊ शकतो. मग जुना आकडा धरून बसलेला कोड कोसळत नाही हो, तो मुकाट्याने परक्याच फाइलमध्ये लिहीत राहतो.